कापिशायन, शाब्ली आणि मोहफूल

काव्याचा 'आस्वाद' घेतो, असे आपण वर्गात सहज म्हणतो. रसप्रतीती समजावताना अभिनवगुप्तानेही पानकाचा, म्हणजे एका पेयाचाच, दाखला दिला. प्रत्यक्ष पेयापुढे मात्र आपली मराठी अडखळते. शाब्लीसारख्या फ्रेंच पांढऱ्या वाइनला जाणकार 'क्रिस्प' म्हणतात. 'कुरकुरीत' म्हणावे तर पापड आठवतो! थंड घोट आंबटपणाने जिभेच्या कडा जाग्या करतो आणि मागे गोडवा न ठेवता ओसरतो, एवढे लांबण लावावे लागते.

शाब्ली हे गावाचे नाव आहे. शार्दोने द्राक्ष जगभर पिकते. शाब्ली मात्र त्या गावाच्या परिसरातलीच, जिथल्या चुनखडीत प्राचीन शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. भूमीवरून पेय ओळखण्याची ही रीत आपल्याला परकी नव्हती. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार देशनामांवरून सांगितले. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. 'कापिशायन' या रूपासाठी तर पाणिनीने स्वतंत्र सूत्र रचले.

मग सिंदेवाहीच्या जंगलातल्या मोहाचे काय? मनुस्मृतीतील 'माध्वी' सुरा काही टीकाकार मोहफुलांचीच मानतात. निषेधासाठी का होईना, तिला नाव होते. आज वृत्तपत्रांत ती भेटते ती 'मोहसडवा जप्त' अशा मथळ्यांत. पहाटे झाडाखाली ताजी फुले वेचणाऱ्यांना ओल्या, वाळलेल्या आणि आंबवलेल्या फुलांचा वास वेगळा कळतो. छापील मराठीत तो भेद उतरत नाही.

इकडे नाशिकच्या सुलाची सोव्हिन्यों ब्लां 2000 साली बाजारात आली आणि 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. हा विरोधाभास दाखवून मोहाची बाजू मांडणे सोपे आहे. मला ते पुरते जमत नाही. चंद्रपूरच्या बंदीसाठी बायका 2010 साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या होत्या. दारूने घर गमावलेल्या बाईसमोर आस्वादाची भाषा काढण्याचे धैर्य माझ्यात नाही.

तरीही एक गोष्ट सलते. माझ्या वर्गात गोंडी बोलणाऱ्या घरांतली मुले बसतात. त्यांना मी रससूत्र शिकवले, पानकाचा दृष्टांतही सांगितला. मोहफुलाच्या वासाला तुमच्या घरी काय म्हणतात, हे मात्र कधी विचारले नाही.