हिंदमाता आणि एक जुना आकडा

१/ मुंबईत पाणी तुंबल्याची बातमी आली, की दादर-परळच्या सीमेवरील हिंदमाता चौकाचे नाव बहुधा पहिले असते. दोष नालेसफाईला दिला जातो. परंतु या तुंबण्यामागे एका जुन्या आकड्याचाही इतिहास आहे.

२/ मुंबई मुळात सात बेटांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डने वरळीची खिंड बंद झाली आणि बेटांमधली खाजणे हळूहळू भरली गेली. हिंदमाताचा परिसर मात्र बशीसारखा खोलगटच राहिला.

३/ शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांचे गणित दोन गृहीतकांवर उभे होते. पाऊस ताशी २५ मिलिमीटर, तोही ओहोटीच्या वेळी. आणि त्यातले निम्मेच पाणी वाहिनीत येणार, उरलेले जमीन शोषून घेणार. मैदाने, वाड्या आणि मातीची अंगणे असलेल्या शहरात हे अवाजवी नव्हते.

४/ पुढे शहर बदलले. अंगणांवर फरशी आली, रस्त्यांवर डांबर आले; १९८२च्या संपानंतरच्या काळात परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले. पाणी जमिनीत मुरेनासे झाले. कागदावर मात्र ते मुरतच राहिले.

५/ १९९३च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने हे गणित नव्याने मांडले : पाऊस ताशी ५० मिलिमीटर, आणि पडलेला प्रत्येक थेंब वाहिनीत येणार. पाऊस दुप्पट, वाहणारा वाटाही दुप्पट. म्हणजे वाहिन्यांची क्षमता चौपट हवी. पण अहवालातील बहुतेक कामे रखडली.

६/ २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, तर कुलाब्याला जेमतेम ७४. शेकडो माणसे दगावली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. २००७मध्ये केंद्राने १,२०० कोटी रुपये मंजूर केले आणि १९९३ची योजना पुन्हा हाती घेण्यात आली. ‘नवा’ आकडा तोवर १४ वर्षांचा झाला होता.

७/ अलीकडे हिंदमाताचे पाणी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर मैदानाखालच्या टाक्यांत साठवले जाते. समुद्र जेव्हा पाणी घेत नाही, तेव्हा ते थोपवून धरायचे, हा त्यामागचा विचार.

८/ हाच प्रश्न आज त्या मनोऱ्यांच्या सिमेंट-पोलादापुढेही आहे. अशा मालाची पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्रे निघतात. तो बनवताना किती कर्बवायू सुटला, किती पाणी लागले, हे त्यांत नोंदलेले असते. घोषणापत्राची मुदत साधारणतः ५ वर्षे. मात्र आतली काही मोजमापे त्याहून जुन्या माहितीसाठ्यांतून घेतलेली असतात. मुखपृष्ठावरची तारीख नवी, आतला आकडा जुना.

९/ जुना आकडा खोटा नसतो. तो आपल्या काळापुरता खरा असतो. २५ मिलिमीटरचा आकडाही एके काळी खराच होता. त्याचे जन्मवर्ष शहर विसरले, आणि त्या विसरण्याची किंमत हिंदमाता दर पावसाळ्यात मोजत राहिला.