नवकम्म आणि कारागिराचा हात

चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची कथा आली आहे. संघासाठी विहार बांधावा म्हणून त्याने स्वतःच चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. परंतु अंगी कसब नसल्यामुळे ती वाकडी होऊन कोसळली. असे तीनदा घडले. चीवर, भिक्षान्न देणाऱ्यांच्या बांधकामाकडे भिक्षू लक्ष देतात, आपणा गरिबाला मात्र कोणी शिकवीत नाही, अशी त्याची तक्रार भगवंतांच्या कानी गेली आणि त्यांनी नवकम्म भिक्षूवर सोपविण्याची अनुज्ञा दिली. विहार लवकर पुरा करणे आणि जे मोडले-फुटले, ‘खंडफुल्ल’ झाले, ते दुरुस्त करणे, ही दोन्ही कर्तव्ये नवकम्मिकाकडे आली. जीर्णोद्धार हा विनयाचाच विषय आहे, हे आमचे अभ्यासक सहसा विसरतात.

कसबाची ओळख नसताना केलेली दुरुस्ती काय करते, हे अजिंठ्याला दिसते. तेथील भित्तिचित्रांचा आधार म्हणजे माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा. निजाम सरकारने इटलीहून आणविलेल्या सेक्कोनी व ओर्सिनी यांनी 1920 ते 1922 या काळात निखळू पाहणारा गिलावा सावरला, हे त्यांचे ऋणच होय. परंतु चित्रांवर चढविलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले, मूळ रंग झाकोळले आणि ते उतरविण्याचे कष्ट पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना घ्यावे लागले. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झुडपाचे अंश आहेत, अजिंठ्याच्या गिलाव्यात नाहीत. अजिंठ्याला कीटकांनी पोखरले, वेरूळ वाचले, असे मॅनेजर राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये दाखवून दिले. कारागिराला ठाऊक असलेली गोष्ट आपणांस सूक्ष्मदर्शकातून शोधावी लागली!

माती किती मुरवावी, तूस केव्हा घालावे, थापीचा दाब किती ठेवावा, हे ग्रंथ सांगत नाहीत. ते गवंड्याच्या शेजारी बसूनच शिकावे लागते. आमच्या पाली वर्गांत ‘नवकम्म’ शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते, गारा कोणी कालवीत नाही. जातिव्यवस्थेने हातांच्या कामाला हलके ठरविले. तो संस्कार आपल्याही मनातून पुरता गेलेला नाही, असे आम्हांस खेदाने वाटते.

प्राचीन उपासकांना ही लाज नव्हती. कार्ल्याच्या चैत्यगृहावरील लेखात धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा पुत्र, आपण वढकी म्हणजे सुतार असल्याचे नावासह कोरून ठेवतो. दार त्याने केले. त्याच चैत्यगृहाच्या छताखाली सागवानी कमानी आजही आहेत.