पैठ, परपैठ आणि दुसरे कार्ड : परदेशातील विद्यार्थ्याच्या राखीव पैशाची कहाणी

१/ परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याला घरातून एक सल्ला हमखास मिळतो : सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नकोस. आज त्याचा अर्थ ‘दुसरे क्रेडिट कार्ड जवळ असू दे’ असा होतो. सल्ला मात्र कार्डापेक्षा कित्येक पिढ्या जुना आहे. त्यामागचा हा इतिहास.

२/ रेल्वेपूर्व काळात पुण्याहून काशीला निघालेला यात्रेकरू मोठी रोकड जवळ बाळगणे टाळीत असे. रक्कम पेढीवर भरून तो काशीच्या सराफावर हुंडी घेई. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनंतर. हुंडी वाटेत हरवली, तर पेढी दुसरी प्रत देई. तिला पैठ म्हणत. तीही गहाळ झाली, तर परपैठ. यांपैकी एकीवर पैसे दिले गेले की बाकीच्या निरुपयोगी. हरवण्याची शक्यता सराफांनी आधीच गृहीत धरलेली होती.

३/ युरोपातील व्यापारीही हीच काळजी घेत. एकाच हुंडीच्या तीन प्रती लिहून त्या वेगवेगळ्या टपालाने रवाना करीत. १७७२ साली लंडनमध्ये रॉबर्ट हेरीस यांनी प्रवाशांसाठी ठरावीक रकमेच्या चिठ्ठ्या काढल्या. त्या युरोपातील ९० शहरांत वटत. अशा चिठ्ठ्यांबरोबर प्रवाशाची ओळख पटविणारे पत्र देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. चिठ्ठ्या आणि पत्र एका खिशात ठेवू नयेत, अशी सूचना असे. चोराच्या हाती एकच वस्तू लागली, तर तिचा त्याला उपयोग नसे.

४/ १८९१ साली अमेरिकन एक्सप्रेसने प्रवासी धनादेश आणला. एक सही विकत घेताना, दुसरी वटविताना. दोन्ही जुळल्या तरच पैसे, आणि धनादेश हरवल्यास भरपाई. या साध्या युक्तीची खरी परीक्षा ऑगस्ट १९१४ मध्ये झाली. महायुद्ध पेटले, युरोपातील अनेक बँकांनी व्यवहार थांबविले आणि हजारो अमेरिकन प्रवासी अडकून पडले. खिशात पतपत्र होते, पण त्यावर पैसे देणारा कोणी नव्हता. अखेर अमेरिकेने ‘टेनेसी’ या युद्धनौकेवरून सोने धाडले.

५/ याच काळात एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये शिकत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पैशाचा हा एकच स्रोत होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान निराळ्या जहाजावर होते. ते जहाज पाणतीराने बुडाले आणि जमविलेली पुस्तके त्याबरोबर गेली. सामान टॉमस कुक कंपनीमार्फत पाठविलेले असल्याने ६०० रुपये भरपाई मिळाली. बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्च त्या रकमेतून भागला.

६/ १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पैशाची मांडणी वेगळी होती. सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापनातून साठविलेली शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, असे तीन स्वतंत्र आधार होते. त्याच वर्षी सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरविला, पण तो टिकला नाही. वर्षभरात रुपया दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. रुपयांत कमावून पौंडांत खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याला ही घसरण रोजच्या जेवणात जाणवणारी होती. त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला.

७/ क्रेडिट कार्डाचा जन्म त्यानंतरचा. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डे घरोघरी पाठविली. हेच कार्ड १९७६ पासून ‘व्हिसा’ झाले. भारतीय विद्यार्थ्याला मात्र त्याचा लाभ नव्हता. साठ-सत्तरच्या दशकांत परकीय चलनाची इतकी टंचाई होती, की आठ डॉलर खिशात घेऊन देश सोडणाऱ्यांची ती पिढी ठरली. राखीव पैसा म्हणजे तिकडे असलेला एखादा ओळखीचा माणूस.

८/ १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने देशात क्रेडिट कार्ड आणले. २००० मध्ये फेमा कायदा लागू झाला, २००४ मध्ये परदेशी पैसे पाठविण्याची उदार योजना आली. परदेशात चालणारी कार्डे मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. प्रश्न आता परवानगीचा उरला नाही, विश्वासार्हतेचा उरला.

९/ १ जून २०१८ रोजी युरोपभर व्हिसाचे व्यवहार कोलमडले. सुमारे दहा तासांत ५० लाखांहून अधिक व्यवहार फसले. कारण बोलके होते : मुख्य केंद्रातील एका यंत्रात अर्धवट बिघाड झाला आणि त्यामुळे राखीव यंत्र सुरूच झाले नाही. ज्यांच्याकडे दोन कार्डे होती, पण दोन्ही व्हिसाची, त्यांची अडचण एका कार्डवाल्याइतकीच होती. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातील कामकाज थांबविले. परदेशी बँकांची त्यांची कार्डे तिथे चालेनाशी झाली. वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही त्याची झळ बसली. तेव्हा या दोन जाळ्यांपलीकडचा मार्गच उपयोगी होता.

१०/ या साऱ्या इतिहासातून दुसरे कार्ड निवडण्याची कसोटी निघते. ते दुसऱ्या बँकेचे आणि दुसऱ्या जाळ्याचे असावे. वडिलांच्या खात्यावरचे पुरवणी कार्ड सोयीचे खरे. पण त्याची मर्यादा मूळ कार्डाशी बांधलेली असते, म्हणून मूळ कार्डाच्या जोडीला तेच राखीव मानणे फसवे. उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला मुदत ठेवीवर स्वतंत्र कार्ड मिळू शकते. आधी पैसे भरून घेतलेले फॉरेक्स कार्ड हा आणखी एक आधार.

११/ दुसरी कसोटी तयारीची. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड आरंभी फक्त देशांतर्गत चालते; परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. विमानतळावर उतरल्यावर हे आठवून उपयोग नाही. पिन पाठ हवा, कारण युरोपातील तिकीटयंत्रे तो मागू शकतात. क्रेडिट कार्डावर रोख काढल्यास शुल्क तर लागतेच, शिवाय सहसा त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. तो शेवटचा उपाय.

१२/ आणि तिसरी कसोटी जागेची. एक कार्ड पाकिटात, दुसरे खोलीवरच्या पेटीत, बँकेचा दूरध्वनी क्रमांक कागदावर निराळा. हेरीसच्या काळातील प्रवासी ओळखपत्र वेगळ्या खिशात ठेवी, त्याचेच हे आजचे रूप. पैठ आणि परपैठ देणाऱ्या सराफाने जे ओळखले होते, ते अजून बदललेले नाही : कागद असो वा कार्ड, ते कधीतरी हरवणारच. घरापासून हजारो मैलांवरच्या विद्यार्थ्याला त्या दिवशीही जेवायचे असते.

(समाप्त)