मुलींच्या शाळेचीं दप्तरें : एक उपेक्षित इतिहाससाधन

सनदा, महजर व वतनपत्रें यांस संशोधकांकडून जो मान मिळतो, तो शाळेच्या कागदांस मिळत नाहीं. त्यांतहि मुलींच्या शाळेचे कागद बहुधा रद्दीच्या भावानें जातात. मुलगी शाळेंत टिकली कशी, पुढें गेली कशी, आणि मध्येंच थांबली तर कां, या प्रश्नांचा उलगडा मात्र याच कागदांवरून होतो. हें संग्राहकांच्या नजरेस आणावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पुण्याचें उदाहरण घेऊं. ज्योतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं इ. स. १८४८ त बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, हें सर्वश्रुत आहे. पुढें ता. ३ जुलै १८५१ (शके १७७३) रोजीं चिपळूणकरांच्या वाड्यांत शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशीं मुली ८ होत्या. थोड्याच काळांत त्या ४८ झाल्या. ता. १७ सप्टेंबर १८५१ रोजीं रास्ता पेठेंत व ता. १५ मार्च १८५२ रोजीं वेताळ पेठेंत आणखी दोन शाळा निघाल्या.

ही वाढ कशानें झाली? मातेच्या योगानें मुलांची सुधारणा होते, हा विचार आपल्या मनांत कसा आला, तें ज्योतीरावांनीं ता. १५ सप्टेंबर १८५३ च्या 'ज्ञानोदयां'त सांगितलें आहे. परंतु विचार पटला म्हणून बाप मुलीस शाळेंत धाडतोच असें नाहीं. ता. १२ फेब्रुवारी १८५३ रोजीं या शाळांची परीक्षा मोठ्या जनसमुदायासमोर झाली. आपली मुलगी चारचौघांत वाचते, हें डोळ्यांनीं पाहणें हाच घरच्यांस झालेला खरा उपदेश होय, असें आमचें मत आहे.

मात्र त्या काळच्या स्तुतीचीं वाक्यें पारखूनच घेतलीं पाहिजेत. मुलींची संख्या सरकारी शाळांतील मुलांच्या दहापट आहे, असें 'पूना ऑब्झर्व्हर' पत्रानें ता. २९ मे १८५२ च्या अंकांत लिहिलें. असें विधान पटावरील नांवांशीं ताडून पाहिल्यावांचून प्रमाण मानतां येत नाहीं. याहून बळकट पुरावा मुक्ता या मांग समाजांतील विद्यार्थिनीचा निबंध हा होय. मांग-महारांच्या दुःखाविषयीं तिनें लिहिलेला हा निबंध 'ज्ञानोदयां'त ता. १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ रोजीं दोन भागांत छापला गेला. मुलगी काय शिकली, याची साक्ष येथें तिच्याच लेखणीनें दिली आहे.

पुण्याच्या शाळांस वर्तमानपत्रें लाभलीं. डोंगरी गांवांस तीं लाभलीं नाहींत. सावित्रीबाईंचें ता. २० एप्रिल १८७७ चें पत्र जुन्नर तालुक्यांतील ओतूरहून लिहिलेलें आहे, व त्यांत दुष्काळानें गांजलेल्या लोकांची स्थिति आली आहे. अशा वर्षीं शाळेपेक्षां पोट मोठें ठरतें, आणि घरांतून प्रथम मुलीचेंच शिकणें थांबतें.

शेजारच्या आंबेगांव तालुक्यांत, भीमाशंकराच्या वाटेवर, तळेघर हें गांव आहे. या डोंगरपट्ट्यांत महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती असून भातशेती व हिरडा यांवर निर्वाह चालतो. अशा गांवच्या शाळेचा इतिहास वाचावयाचा तो दाखलखारीज व हजेरीपट यांवरूनच. मुलीचें नांव, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख व कारण, हे रकाने एकत्र लावले म्हणजे एका आयुष्याची रेषा दिसूं लागते. भातलावणीच्या आषाढांत किंवा हिरडा गोळा करण्याच्या दिवसांत हजेरी तुटत असेल, तर तो मुलीच्या बुद्धीचा दोष नव्हे. तो घरच्या कामाचा भार होय. अशा वेळीं गुरुजींनीं छडी न उचलतां तिच्या घरीं जाऊन माणसांशीं बोलावें. मार्गदर्शन म्हणतात तें हेंच, आणि त्याची गरज कोणास होती हें हजेरीपटच सांगतो.

तरी संग्राहकांस विनंति, कीं, जुन्या पेटींत मोडींतील खत सांपडलें असतां आपण जितक्या काळजीनें तें हातीं घेतों, तितक्याच काळजीनें मुलींच्या शाळेचें जीर्ण हजेरीपत्रकहि घ्यावें. खतावरून जमीन कोणाची होती तें कळतें. हजेरीपत्रकावरून त्या जमिनीवर राबणाऱ्या घरांतील मुलीस अक्षर कोठवर लाभलें, तें कळेल.