दिओको : पाठलाग, खटला, छळ आणि ध्यास

नव्या करारातलं एक ग्रीक क्रियापद घेऊया, 'दिओको'. कोश उघडलात तर पाठलाग करणे, खटला भरणे, छळ करणे, ध्यास घेणे असे अर्थ ओळीने दिसतील. मग समोरच्या वाक्यात यातला कोणता घ्यायचा, हे ठरवायचं कसं? तुमचं साधन शिलालेख असो, पोथी असो की जुना पत्रव्यवहार, हा प्रश्न तुम्हालाही पडणारच आहे.

आधी शब्दाचा प्रवास बघा. होमरच्या 'इलियड'च्या बाविसाव्या सर्गात अकिलीस ट्रॉयच्या तटाभोवती हेक्टरच्या मागे धावतो, तिथे हेच क्रियापद आहे. पुढे ते अथेन्सच्या न्यायालयात शिरलं. तिथे फिर्यादी म्हणजे 'पाठलाग करणारा' आणि आरोपी म्हणजे 'पळणारा'. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात त्यावर कोटीही आहे. युथिफ्रोने कुणावर तरी खटला भरलाय हे कळल्यावर सॉक्रेटिस विचारतो, का, तो उडून जाणाऱ्यांतला आहे की काय? उडतोय कुठला, चांगला म्हातारा आहे, असं उत्तर येतं. तो म्हातारा युथिफ्रोचा बापच निघतो! कोटी जमते, याचा अर्थ कायदेशीर अर्थ रुळल्यावरही जुना अर्थ लोकांच्या कानात होता.

तिसरा टप्पा सेप्टुआजिंटचा. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये येऊ लागले. हिब्रूतल्या 'रादफ'साठी अनुवादकांनी 'दिओको' वापरलेलं दिसतं. निर्गमाच्या 15व्या अध्यायात शत्रू 'पाठलाग करून गाठीन' म्हणतो, तर 34व्या स्तोत्रात शांतीच्या मागे लागायला सांगितलंय. म्हणजे पौलाच्या हाती हा शब्द आला तो दोन्ही छटा घेऊनच.

आता पौलाकडे या. रोमकरांस पत्रात, 12:13 मध्ये, तो आदरातिथ्याचा 'दिओको' करायला सांगतो आणि लगेच पुढच्या वचनात 'दिओको' करणाऱ्यांना, म्हणजे छळणाऱ्यांना, आशीर्वाद द्यायला सांगतो. इथे अर्थ ठरतो तो कर्मावरून. कर्म माणूस असेल आणि हेतू वाईट असेल तर छळ; कर्म एखादा गुण असेल तर ध्यास.

इथेच एक मोह होतो. 'मूळ अर्थ शिकारीसारखा पाठलाग, म्हणून पौल आदरातिथ्याची शिकार करायला सांगतो' असं लिहावंसं वाटतं. जेम्स बार यांनी 1961 च्या 'द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज' या पुस्तकात अशाच सवयींवर टीका केली : शब्दाचे सगळीकडचे अर्थ गोळा करून एकाच जागी ओतायचे नसतात. मराठीतच बघा ना. पोलीस चोराच्या मागे लागतात, आई अभ्यासासाठी मुलाच्या मागे लागते, तुम्ही पीएचडीच्या मागे लागता. तिसरं वाक्य ऐकून कुणाला पोलीस आठवत नाहीत.

मग दोन अर्थ एकमेकांना भिडतात असं कधीच म्हणता येत नाही का? येतं, पण पुरावा लागतो. फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय घ्या. सहाव्या वचनात पौल स्वतःला मंडळीचा छळ करणारा म्हणतो. बाराव्या आणि चौदाव्या वचनात तो ध्येयाच्या मागे लागलाय. क्रियापद तेच, कर्ताही तोच, आणि विषयही आधीचं आयुष्य विरुद्ध आताचं हाच. शिवाय बाराव्यात सोबत 'गाठणे' हे क्रियापद आहे, म्हणजे पाठलागाची ती जुनी जोडी. इथे प्रतिध्वनी आहे असं मांडणं शक्य आहे. मुद्दाम केला होता का, हा मात्र वेगळा दावा आहे. तो वेगळा सिद्ध करावा लागेल. मराठीत 'छळ' आणि 'मागे लागणे' असे दोन शब्द आले की हा प्रश्न वाचकाला दिसतही नाही. मूळ भाषा शिकायची ती यासाठी.

तुमच्या विषयातला असा एखादा शब्द निवडा आणि साधा तक्ता करा : उतारा, काळ, कर्ता, कर्म, शेजारचे शब्द. अर्थाचा रकाना सगळ्यात शेवटी ठेवा, आणि बाकीचे भरल्याशिवाय त्याला हात लावू नका.