अल्टरनेटरचा आवाज : निदान

मोटारीच्या इंजिनावरील पट्ट्याने फिरणारे, बॅटरी भारित करणारे जनित्र म्हणजे अल्टरनेटर. त्याचा रोटर इंजिनाच्या दोन-तीन पट वेगाने फिरतो. म्हणून बेअरिंग झिजले की घरघर लगेच उमटते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाते. थंड इंजिन सुरू करताना येणारी किंकाळी मात्र बहुधा सैल किंवा गुळगुळीत झालेल्या पट्ट्याची असते. हेडलाइट, पंखा लावताच वाढणारी गुणगुण डायोड वा स्टेटरमधील बिघाड सुचवते. तेव्हा व्होल्टमापकावर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का, हे पाहावे.

खात्रीची कसोटी पट्टा काढून होते. इंजिन बंद करून पट्टा उतरवावा, मग काही सेकंदच चालवावे, कारण अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. आवाज थांबला, तरी दोष अल्टरनेटरचाच असे नाही. टेन्शनर व इतर पुल्याही संशयित ठरतात. इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवावी, खरखर व ढिलेपणा तपासावा. ही पायरी गाळल्याने चांगले अल्टरनेटर विनाकारण बदलले जातात. चालू इंजिनावर बॅटरीची तार कधीही काढू नये. विद्युतदाब उसळून इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.