दाढीवाल्या सुरईचे नाव

सोळाव्या शतकात जर्मनीतील कलोन व जवळच्या फ्रेखेन येथील कुंभार दाढीवाल्या चेहऱ्याच्या सुरया घडवीत. तापलेल्या भट्टीत मीठ टाकले की त्याच्या वाफेने मातीवर काचेसारखा थर चढे. भांडे दगडासारखे टणक होई, पाझरत नसे. मद्यासाठी त्यास दूरदूर मागणी असे. १६२९ साली ऑस्ट्रेलियाजवळ फुटलेल्या ‘बटाव्हिया’ या डच जहाजावरही अशा सुरया होत्या.

सतराव्या शतकात प्रॉटेस्टंट इंग्लंडने या चेहऱ्याला ‘बेलार्मिन’ म्हणून हिणवले. जेझुइट कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन (१५४२–१६२१) यांनी प्रॉटेस्टंट मतांचे खंडन केले होते, त्याचा हा राग. वस्तुतः त्यांच्या बालपणीही असे चेहरे घडतच होते. १९३० साली त्यांना संतपद मिळाले. थट्टा विसरली गेली. नाव मात्र आजही सुरईला चिकटून आहे.